नशेच्या धोरणाचा अभ्यास : प्रस्तावना

नशेच्या धोरणाच्या अभ्यासात कायद्याच्या वाटेने येता येते, तसेच वैद्यक, अर्थशास्त्र किंवा समाजकार्याच्या वाटेनेही. येणाऱ्या प्रत्येकाला लवकरच विचारले जाते, तुम्ही बंदीच्या बाजूचे की हानी कमी करण्याच्या? नव्या वाचकाने उत्तराची घाई करू नये, अशी माझी विनंती आहे. कोणत्या पदार्थाविषयी बोलतो आहोत, त्याची झळ कोणाला लागते आणि धोरण यशस्वी झाले हे कशावरून ठरवायचे, हे आधी विचारावे. या तीन प्रश्नांशिवाय दोन्ही पक्षांचे युक्तिवाद हवेत राहतात.

वाचनाची सुरुवात १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगापासून करावी. ब्रिटिश संसदेत प्रश्न उठल्यामुळे नेमलेल्या या आयोगाने देशभरातून जवळजवळ बाराशे साक्षी घेतल्या. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, सरसकट बंदी योग्य नाही, कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारचा महसूल त्यात गुंतला होता, हे ध्यानात ठेवूनच तो अहवाल वाचायचा. तरीही आधी पुरावा आणि मग कायदा हा क्रम त्यात दिसतो, आणि पुढच्या शतकात तो फारसा पाळला गेला नाही.

१९८५ मध्ये अमली आणि मनःप्रभावी पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा आला. गांजाचा फुलोरा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत गेले, पानांची भांग बाहेर राहिली. हेरॉइनच्या व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. पुढे ठरलेल्या मर्यादेनुसार हे प्रमाण २५० ग्रॅमपासून सुरू होते. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण देणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे, पण शिक्षेच्या कलमांइतकी त्याची चर्चा होत नाही.

या कायद्याचा एक परिणाम विद्यार्थ्यांनी बारकाईने अभ्यासावा, असे मला फार वाटते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि औषधांसाठी निर्यातही होते. त्याच देशात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांना अफूपासूनच बनणारे मॉर्फिन हे वेदनाशामक मिळेना. एका औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत; एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. कारवाईच्या धास्तीने औषधविक्रेत्यांनी साठा ठेवणे सोडले, रुग्णालयांनी मागणी थांबवली, आणि मॉर्फिन कसे द्यायचे हे न शिकताच डॉक्टरांच्या तुकड्या बाहेर पडल्या. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी देशभर एकसारखे नियम करण्याची वाट मोकळी केली. मधली जवळजवळ तीस वर्षे ज्यांनी वेदना सोसल्या, त्यांची नोंद जप्तीच्या किंवा अटकेच्या कोणत्याच आकड्यात नाही. बंदीचा हिशेब मांडताना ही माणसे धरलीच पाहिजेत.

हानी कमी करण्याचा धडा भारताला मणिपूरने दिला. म्यानमारच्या सीमेवरून येणारे हेरॉइन तिथली तरुण मुले शिरेत टोचून घेत होती. १९९० च्या आसपास एकच सुई अनेकांच्या हाती फिरल्याने एचआयव्ही त्यांच्यात वेगाने पसरला. अटकसत्राने सुया थांबल्या नाहीत, त्या लपल्या. राज्याने १९९६ च्या एड्स धोरणात स्वच्छ सुया देण्यासारखे उपाय स्वीकारले आणि पुढे राष्ट्रीय एड्स कार्यक्रमाने हेरॉइनऐवजी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देण्याचे पर्यायी उपचारही सुरू केले. नशा आज सुटत नसेल, तरी माणूस उद्यापर्यंत जगला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने सुईने नशा करणाऱ्यांची संख्या साडेआठ लाखांच्या घरात सांगितली आहे. त्यांच्या बाबतीत माझे मत मी लपवत नाही. तुरुंग हा त्यांच्यासाठी उपाय नाही.

पण एवढ्यावर पक्ष निवडून मोकळे होऊ नये. त्याच सर्वेक्षणात दारू पिणारे सुमारे सोळा कोटी आहेत, आणि इथे महाराष्ट्राचा अनुभव वेगळे बोलतो. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, ती गावागावांतल्या लोकांच्या, विशेषतः बायांच्या रेट्यामुळे. दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीच्या चिन्हाला मत देऊन परवान्याचे दुकान बंद पाडणाऱ्या बाया राज्यात अनेक ठिकाणी आहेत. पिणारा नवरा आणि मार खाणारी बायको यांपैकी कोणाची हानी मोजायची, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि सुई वापरणाऱ्यावरच नजर ठेवणाऱ्या लेखनात त्याचे पुरेसे उत्तर सापडत नाही. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ची बंदी अवैध दारूच्या तक्रारींनंतर २०२१ मध्ये उठली. दोन्ही जिल्हे शेजारी ठेवून वाचावेत. बंदीमागे लोकांची संघटना कितपत टिकून राहिली, हे तपासणे मला बंदीच्या कलमांइतकेच महत्त्वाचे वाटते.

पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने संपूर्ण व्यसनमुक्तीचा मार्ग मराठी घरांपर्यंत नेला. स्वच्छ सुई देणारे केंद्र त्या मार्गाच्या विरोधात आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्या केंद्रापर्यंत जिवंत पोहोचलेला माणूसच पुढे उपचाराला जाऊ शकतो.

सर्वांत कमी अभ्यास झालेला भाग आता आपल्या दाराशी आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन हे कृत्रिम उत्तेजक द्रव्य २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आले. २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून त्याचा प्रचंड साठा जप्त झाला. हेरॉइनच्या रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिन देता येते, मेफेड्रोनसाठी तसे मान्य पर्यायी औषध नाही. मग पूड नाकाने ओढणाऱ्या कॉलेजातल्या मुलाची हानी कमी करायची कशी? त्याला न घाबरवता त्याच्याशी कोणी बोलायचे, अतिसेवनानंतर मित्रांनी पोलिसांच्या भीतीवाचून रुग्णालय गाठावे यासाठी कोणती हमी द्यायची? जिल्हा न्यायालयांतले निकाल, आपत्कालीन विभागांतल्या नोंदी आणि या मुलांच्या मुलाखती हे सारे साहित्य मराठी अभ्यासकाच्या आवाक्यातले आहे. यांतले जे हाताशी असेल, तिथून काम सुरू करता येईल.