श्वास परत आणण्याची विद्या

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवतात. आज मी सांगणार आहे तो इतिहास एका कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी सुरू होतो.

३ डिसेंबर १७३२ रोजी स्कॉटलंडमधील अलोआ या गावी जेम्स ब्लेअर नावाच्या खाणकामगाराला धुराने कोंडलेल्या खाणीतून वर काढले. अर्धा-पाऊण तास तो तळाशी पडून होता. नाडी नव्हती, श्वास नव्हता, अंग गार पडले होते. विल्यम टॉसॅक या शल्यवैद्याने त्याच्या तोंडाला तोंड लावून जोराने हवा फुंकली. ती नाकावाटे निघून गेली. मग त्याने नाक चिमटीत धरून पुन्हा फुंकली. छाती फुगली आणि हृदयाचे सहा-सात ठोके हाताला लागले. तासाभरात ब्लेअर जांभया देऊ लागला, चार तासांनी चालत घरी गेला आणि चार दिवसांनी कामावर हजर झाला. भरपगारी रजा हा शब्दच तेव्हा जन्माला आला नव्हता!

टॉसॅकने ही हकीकत १७४४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी जॉन फॉदरगिल या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तिचा कैवार घेतला. भाता वेळेवर हाताशी असेलच असे नाही, तोंड मात्र प्रत्येकापाशी असते, असा त्याचा साधा युक्तिवाद होता. १७६७ मध्ये कालव्यांच्या ॲमस्टरडॅम शहरात बुडालेल्यांना वाचविण्यासाठी संस्था निघाली आणि तिने वाचविणाऱ्याला बक्षीस ठेवले. १७७४ मध्ये लंडननेही तिचा कित्ता गिरविला.

असे असूनही ही विद्या मागे पडली. परक्याच्या तोंडाला तोंड लावणे शिष्टांना रुचेना आणि भाता अधिक शास्त्रीय वाटू लागला. पुढे भात्याने फुप्फुसांना इजा होते असे दिसून आले, तेव्हा तोही गेला. मग १८५८ ची सिल्व्हेस्टरची हात वरखाली करण्याची रीत आली, १९०३ ची शेफरची पालथे घालून पाठ दाबण्याची रीत आली. १९५० नंतरच्या दशकात बाल्टिमोर येथे पीटर सॅफर यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविले, की या रीतींनी हवा फारशी आत जातच नाही. मान मागे कलवून तोंडाने श्वास देणे हेच खरे. आणि ते सामान्य माणसालाही जमते.

हृदयाची गोष्टही कामगारापासूनच निघते. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार धक्क्याने मरत, म्हणून अमेरिकेतील वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा पुरविला. त्यातून विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते आणि त्यांचे सहकारी निकरबॉकर व ज्यूड यांनी १९६० मध्ये सिद्ध केले, की छाती न उघडता, बाहेरून दाबूनही रक्त खेळते ठेवता येते. त्याला दोन हात पुरतात.

आज ही रीत ठरून गेली आहे. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपरे ताठ धरून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. शिकलेल्याने तीस दाबांमागे दोन श्वास द्यावेत; न शिकलेल्याने नुसते दाबत राहावे. मेंदूला प्राणवायूवाचून काही मिनिटेच निभावते, आणि तेवढ्यात गाडी क्वचितच पोहोचते. पोहोचलेला असतो तो शेजारच्या यंत्रावरचा सोबती.

आपल्याकडे कायद्याने हे ओळखले नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस सांगितला होता. १९५६ च्या वीज नियमांनी विजेचा धक्का बसलेल्याला शुद्धीवर आणण्याच्या सूचना स्थानिक भाषेत भिंतीवर लावण्यास सांगितले होते. असे फलक मी पुष्कळ ठिकाणी पाहिले. काचेवर धूळ, आतले चित्र पिवळे पडलेले. पोहणे जसे पुस्तकातून येत नाही, तसे हेही फलकातून येत नाही. ते हातांना शिकवावे लागते, दरवर्षी घोटून घ्यावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी, की पुढच्या मागणीपत्रात पगारवाढ आणि बोनस यांच्या जोडीने हेही कलम असावे: प्रत्येक पाळीतील कामगाराला, कामाच्या वेळात, भरपगारी, हे शिक्षण मिळाले पाहिजे. खाणीतल्या आणि तारेवरच्या कामगारांच्या मरणांतून ही विद्या आली आहे. ती कामगाराच्या हाती परत यावी, एवढेच मागणे आहे.