भूगर्भीय वायुसाठवण विहिरींतील वाळू : अटकावाकडून पूर्वानुमानाकडे

नैसर्गिक वायूच्या भूगर्भीय साठवणुकीचा इतिहास १९१५ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुरू झाला. १९१६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ झोअर येथील वायुक्षेत्राचा असाच उपयोग करण्यात आला. उन्हाळ्यात सच्छिद्र खडकात वायू भरावयाचा व हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी तो काढावयाचा, ही त्यामागील कल्पना होय.

मात्र कमकुवत वालुकाश्मातून वायू वेगाने काढल्यास वाळूचे कण विहिरीत येतात. ते नळ व झडपा झिजवितात आणि विहीर बुजवितात. यावर जाळी, खडीचा थर व राळ हे उपाय योजले गेले. ते उपयुक्त असले तरी वायूची वाट काही अंशी अडवितात.

खालचा आधार सरकल्यास वाळूचा भार कमानीप्रमाणे बाजूस वळतो, हे कार्ल टर्झागी यांनी १९३६ मध्ये प्रयोगाने दाखविले. १९७० मध्ये हॉल व हॅरिसबर्गर यांनी वाळूच्या कमानींचा अभ्यास विहिरींच्या संदर्भात मांडला. त्यामुळे वाळू कशी अडवावी याबरोबरच कमान केव्हा मोडेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. खडकाची मजबुती आणि थर व विहीर यांतील दाबाचा फरक यांवरून सुरक्षित मर्यादा ठरविता येते.

साठवण विहिरीत ही मर्यादा स्थिर राहत नाही. दरवर्षीच्या भरण्या-काढण्याने कणांमधील बंध शिथिल होतात. काल सुरक्षित असलेला वेग उद्या घातक ठरू शकतो. कडाक्याच्या थंडीत मागणी सर्वाधिक असते आणि संयमही तेव्हाच सर्वाधिक आवश्यक असतो. सबब, या विहिरींबाबत मर्यादेचे पुनःपुन्हा मापन हाच खरा प्रतिबंध होय.