वीज, चुंबक आणि प्रकाश : नातं नेमकं काय?

मंचेरियल : जयपूरच्या (राजस्थानचं नव्हे, आपल्या जिल्ह्यातलं) सिंगरेणी औष्णिक वीज केंद्रात ६०० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशावर वाफ आणि वाफेवर टर्बाइन, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण वीज येते कुठून? टर्बाइनच्या दांड्याला जोडलेला भलामोठा विद्युतचुंबक मिनिटाला ३००० फेरे घेतो. भोवती तांब्याची वेटोळी असतात. चुंबक फिरला की त्या तांब्यात प्रवाह वाहू लागतो. सेकंदाला ५० फेरे, म्हणून वीज ५० हर्ट्झची. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेचं ग्रीड देशाला जोडलं, तेव्हापासून आपलं आणि चंद्रपूरचं चक्र एकाच ठेक्यावर चालतं.

हे तत्त्व मायकेल फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलं. उलट बाजू १८२० मध्येच डेन्मार्कच्या अर्स्टेडला दिसली होती : तारेत प्रवाह सोडला की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते.

आता प्रकाश. इथे बरेच जण चुकतात. बल्ब लागतो म्हणजे विजेचा उजेडाशी संबंध, असं वाटतं. तसा तर रॉकेलचाही आहे. खरं नातं जवळचं आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युत क्षेत्र तयार होतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल म्हणाला, उलटही होत असलं पाहिजे. मग दोघं एकमेकांना निर्माण करत, तारेशिवाय, लाटेसारखे पुढे जातील. या लाटेचा वेग त्याने निव्वळ विजेच्या आणि चुंबकाच्या मोजमापांवरून काढला. त्यात दिवा नाही की आरसा नाही. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, म्हणजे जवळजवळ प्रकाशाचाच वेग. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे लगेच पटतं : दोन वह्यांची बाकी इतकी जुळली की खातं एकच असणार. त्याचा निबंध १८६५ मध्ये छापून आला. पुढे १८८८ च्या सुमारास हाइनरिख हर्ट्झने ठिणग्यांपासून अशा लाटा काढून दाखवल्या. त्याच आजच्या रेडिओ लहरी.

तेलुगूत आकाशातली ‘मेरुपु’ आणि घरातला ‘करंट’. मराठीत दोन्ही वीजच. वळवाच्या पावसात मीडियम वेव्हवर रेडिओ लावून बघा. वीज चमकते त्याच क्षणी खरखर ऐकू येते. चमक आणि खरखर एकाच जातीच्या लाटा आहेत. फरक फक्त लांबीचा : उजेडाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, मीडियम वेव्हची शेकडो मीटर. गडगडाट मात्र हवेतून येतो, किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेत. रेडिओ सेलवरचाच घ्या आणि बघायला अंगणात जाऊ नका.