मार्लवाईची अक्षरशाळा

लोकसेवेचे शिक्षण देणारी संस्था म्हटली म्हणजे आपणांस १९०५ साली नामदार गोखल्यांनी पुण्यास स्थापिलेला भारत सेवक समाज आठवतो. त्याच जातीचा एक लहानसा प्रयत्न हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात, मार्लवाई या गोंड खेड्यात झाला, याचे स्मरण मात्र थोड्यांनाच असेल.

जमीन व जंगल यांवरील हक्कांसाठी उठलेला कोमराम भीम १९४० साली जोडेघाटास मारला गेला. बंडाच्या कारणांचा शोध घेण्याचे काम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविले. गोंडांच्या जमिनी बहुधा कागदानेच गेल्या होत्या, आणि तो कागद वाचणारा त्यांच्यांत क्वचितच होता.

म्हणून १९४३ साली मार्लवाईस गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. पुस्तके गोंडी भाषेत, परंतु लिपी देवनागरी; कारण त्या मुलखात परक्यांशी व्यवहार मराठीतून चाले. ज्या बाळबोध अक्षरांत आपण स्तोत्रे वाचतो, त्यांतच गोंड मुले आपली बोली वाचू लागली. सेतुमाधवराव पगडी या मराठी अधिकाऱ्यानेही गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले.

पुढे पट्टे वाटले गेले, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. परंतु आम्हां वकिलांचा अनुभव असा की, पट्टा हाती असूनही तो वाचता न येणारा मनुष्य वाचून दाखविणाऱ्याच्या इमानावर जगतो. मार्लवाईने पुढारी घडविण्यास आरंभ केला तो मुळाक्षरांपासून, हे तिचे खरे शहाणपण होय.