फिश्चुला-दुरुस्ती

डायलिसिससाठी हाताची रोहिणी नीलेला जोडून केलेला फिश्चुला बंद पडला, फुगला किंवा फुटायला आला, तर तो वाचवण्यासाठी करावयाच्या शस्त्रक्रिया. सुई टोचण्याजोग्या नीला मोजक्याच असतात. म्हणून नवा फिश्चुला करण्याआधी जुना वाचतो का, हे पाहणे शल्यविशारदाचे पहिले काम होय.

स्क्रिब्नर यांनी १९६० साली सिअ‍ॅटल येथे वापरात आणलेल्या बाह्य शंटमध्ये (रोहिणी व नीला शरीराबाहेरून जोडणाऱ्या नळीत) गुठळ्या व जंतुसंसर्ग वारंवार होत. न्यूयॉर्कमध्ये केनेथ अ‍ॅपेल यांनी १९६५ मध्ये मनगटाजवळ रोहिणी व नीला थेट जोडल्या. त्यावरील लेख १९६६ साली प्रसिद्ध झाला. नाव मात्र सहलेखक ब्रेशिया व चिमिनो यांचे रूढ झाले. टाके घालणारे अ‍ॅपेल मागे पडले.

फिश्चुला बहुधा जोडालगतच्या नीलेत अरुंद होतो. मग फिश्चुलावर ठेवलेल्या बोटांना एरवी लागणारी थरथर जाऊन नाडीसारखे ठोके लागू लागतात. थरथर व ठोके दोन्ही थांबले, तर गुठळी झाली असे समजावे. फोगार्टी यांच्या फुग्याच्या नळीने (१९६३) गुठळी निघते. पण अरुंद जागा तशीच ठेवली तर फिश्चुला पुन्हा बंद पडतो. त्यासाठी किंचित वर नवा जोड करतात. काही केंद्रांत आधी फुग्याने रुंदीकरण करून पाहतात.

त्याच त्या जागी सुई टोचत राहिल्याने भिंत विरते आणि फुगवटा येतो. केवळ आकारावरून शस्त्रक्रिया ठरवू नये. फुगवट्यावरची त्वचा चिमटीत येत असेल तर सहसा थांबता येते. ती पातळ, चकचकीत झाली, खपली धरली किंवा व्रण पडला, तर दिरंगाई जिवावर बेतते. शस्त्रक्रियेत दंडावर दाबपट्टा फुगवून रक्तप्रवाह थांबवतात, खराब त्वचा व भिंतीचा जादा भाग कापतात आणि आत नळी ठेवून, तिच्या मापाने भिंत शिवतात. सुईसाठी एखादा निरोगी पट्टा राखला, तर मानेत कॅथेटर घालण्याची वेळ टळू शकते. फिश्चुला फुटल्यास नेमक्या छिद्रावर बोट दाबून हात उंच धरावा. टॉवेलांच्या जाड गुंडाळ्यांखाली रक्त वाहतच राहते.

पंजा गार पडणे, बधिर होणे, डायलिसिस चालू असताना दुखणे ही पंजाचे रक्त फिश्चुलाकडे वळल्याची लक्षणे होत. शान्झर व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत जोडाच्या पुढे रोहिणी बांधून पंजाला बायपासने रक्त पुरवतात.

रोहिणी व नीला थेट न जोडता मध्ये कृत्रिम नळी बसवली असेल आणि तिला जंतुसंसर्ग झाला, तर ती बहुधा काढावी लागते.