घाटाखालचा थांबा



मुंबईहून पुण्यास निघालेली गाडी कर्जतच्या फलाटावर उभी राहिली, कीं डब्यांतील मंडळींत एक चमत्कारिक बदल घडून येतो. तास दीड तास गुडघ्याला गुडघा लावून, पण एक अक्षरही न बोलतां बसलेले उतारू एकदम बोलके होतात. बोरघाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढें जातांना एक फूट वर, असा कठीण आहे. म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून लोटणारीं जादा इंजिनें येथें जोडावीं लागतात. तेवढ्या थांब्यांत कोणी वडे घ्यावयास उतरतो, कोणी नळावर पाणी भरावयास जातो. इतक्यांत शिटी होते. एखादा गृहस्थ घाबरून समोर सांपडेल त्या डब्यांत चढतो, मोकळ्या जागेवर टेकतो, आणि हातांतलें पुडकें शेजारच्या बाईंपुढें धरून म्हणतो, "घे, गरम आहेत तोंच खा." वर पाहतो तों बाई परक्या, मुलें परकीं, आणि बाईंचे यजमान मात्र चांगले जागे! आतां वडे परत घ्यावे तर असभ्यपणा, आणि द्यावे तर त्याहून मोठा असभ्यपणा.

प्रसंग हंसण्यासारखा खरा. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासांत तो फारसा जुना नाहीं. पूर्वी वाटसरू नव्हते असें नाहीं. पण ते ओळखीच्या सोबतीनें निघत आणि शक्य तों आपल्याच जातीच्या बिऱ्हाडीं उतरत. अनोळखी माणसाच्या खांद्याशीं खांदा लावून कित्येक घटका बसण्याचा योग क्वचितच येई. जो तिकीट घेईल त्याला बाक, हा नवा नियम आगगाडीनें आणला. आणि कर्जत-खालापूरच्या या डोंगराखालीं तो फार लवकर येऊन पोहोंचला.

१८५३ सालीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धांवली. पुढें तीनच वर्षांनीं, १२ मे १८५६ रोजीं, कल्याणहून पळसदरीमार्गें खोपोलीपर्यंतचा रस्ता खुला झाला. तेथें मात्र घाट उभा होता. १८५८ च्या जूनमध्यें खंडाळा ते पुणें हा वरचा तुकडा सुरू झाला, तरी मधला दुवा आणखी पांच वर्षें तुटकाच राहिला. उतारूंनीं खोपोलीस गाडी सोडावयाची, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढावयाचा, आणि खंडाळ्यास पुन्हां दुसरी गाडी धरावयाची, अशी ती यातायात होती. खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देऊळ आहे. आगगाडीच्या फार आधींपासून तो वाटसरूंचा विसावा होता.

या पांच वर्षांत एक मौज घडत असली पाहिजे. मुंबईपासून एका इंजिनामागें, एकाच वेगानें आलेलीं माणसें खोपोलीस उतरतांच पुन्हां आपापल्या पायरीनें डोंगर चढूं लागत. पैसेवाला पालखींत बसे, मध्यम स्थितीचा तट्टावर, आणि ज्याची ऐपत नसे तो पायीं. वर खंडाळ्यास पोहोंचल्यावर तींच माणसें पुन्हां एका गाडींत! २१ एप्रिल १८६३ रोजीं हजारों मजुरांच्या प्राणांचें मोल देऊन घाटाचा लोहमार्ग पुरा झाला, आणि हा मधला खेळ संपला. पहिला, दुसरा, तिसरा हे वर्ग राहिले. पण ते पैशाचे होते. तिकिटाच्या खिडकीवर कोणी कूळ विचारीत नसे.

या नव्या मार्गावर पंचवीस बोगदे होते, आणि चढ अठराशें फुटांहून अधिक. खंडाळ्याच्या अलीकडे तर एके ठिकाणीं वळावयास जागाच नव्हती. तेथें गाडी थांबवून इंजिन एका टोंकाचें दुसऱ्या टोंकास नेत, आणि गाडी उलट्या दिशेनें निघे. पुण्याकडे तोंड करून ऐटीनें बसलेल्याचें तोंड आपोआप मुंबईकडे होई, आणि इतका वेळ ज्याची पाठ पुढें होती तो विनासायास पुढारी बने! नवख्या माणसाला, गाडी घरींच परत निघाली, असा भास होऊन त्यानें शेजाऱ्यास भीत भीत विचारलें असेल, यांत काय नवल? १९२९ च्या सुमारास नवा मार्ग काढून ही रीत बंद झाली.

बाक सर्वांना मिळाला, तरी मन मात्र लगेच मोठें झालें नाहीं. १९१७ च्या सप्टेंबरांत गांधीजी याच वाटेनें रात्रीच्या मेलनें मद्रासेस गेले. तिसऱ्या वर्गाच्या त्या प्रवासाची हकीकत त्यांनीं वृत्तपत्रांस लिहून कळविली. डबा बावीस उतारूंचा होता. पुण्यापर्यंत त्यांत अधिक माणसें शिरलीं नाहींत. पण याचें श्रेय रेल्वेला नव्हे, तर बाहेरच्यांना दाराशींच थोपवून धरणाऱ्या धीट उतारूंना होतें. हा धीटपणा आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. फलाटावर असेपर्यंत "अहो, पुष्कळ जागा आहे!" असें ओरडणारा मनुष्य एकदां आंत शिरला, कीं पुढच्या ठाण्यावर तोच दार अडवून म्हणतो, "पुढें जा, पुढचे डबे मोकळे आहेत!"

आणि आंत आल्यावर काय होतें? पहिला प्रश्न, "आपण कोठले?" दुसरा, "आडनांव काय?" तिसरा, जरा आवाज उतरवून, "म्हणजे कोणांपैकीं?" पुष्कळदां चौथ्या प्रश्नाला मेहुण्याच्या चुलत्याचें नातें निघतें, डबा उघडतो, आणि लाडूही पुढें येतो. आपण त्याला अगत्य म्हणतों. परंतु हाच प्रश्न दुसऱ्या एका मुलाला कसा लागला, तेंही ऐकावें. स्थळ घाटाखालचें नव्हे, सातारा जिल्ह्यांतील मसूर स्टेशन, साल १९०१. दहाएक वर्षांचे भीमराव आंबेडकर आणि बरोबरचीं मुलें वडिलांकडे जाण्यासाठीं तेथें उतरलीं. घ्यावयास कोणी आलें नव्हतें. नीटनेटके कपडे पाहून हीं ब्राह्मणाचीं मुलें असावीं, अशा समजुतीनें स्टेशनमास्तरांनीं मायेनें चौकशी केली. मुलानें जात सांगितली, आणि मास्तरांचा चेहरा पालटला. ते मागें सरले. गाडीवानही मिळेना. शेवटीं एक तयार झाला, तो दुप्पट भाडें घेऊन, आणि गाडी मुलांनींच हांकावी, आपण पायीं चालूं, या अटीवर. बाबासाहेबांनीं पुढें ही आठवण स्वतः लिहून ठेविली आहे. प्रश्न तोच, कोणाला त्यांतून लाडू मिळाला, कोणाला कायमची जखम.

म्हणून मला कर्जत आणि खोपोलीच्या लोकल गाड्यांतलें एक साधें वाक्य फार मोलाचें वाटतें. तिघांच्या बाकाशीं चौथा येतो आणि म्हणतो, "काका, जरा सरकतां कां?" काका कपाळाला आंठी घालतात, कुरकुरतात, पण सरकतात. त्या वाक्यांत गांव नाहीं, आडनांव नाहीं. परक्याला क्षणभर काका करणारा एक शब्द आहे, आणि वीतभर जागेची मागणी आहे. एवढें शिकावयास आपणांस दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला, आणि धडा अजून पुरा पाठ झालेला नाहीं.

आणि तो वड्यांचा गृहस्थ? यजमानांनीं त्याचा उतरलेला चेहरा पाहिला, त्याला नांव-गांव कांहींएक विचारलें नाहीं, आणि म्हणाले, "बसा निवांत. लोणावळ्यास डबा बदला. वडे मात्र तोंपर्यंत गार होतील, उघडा पुडकें!"