उद्यासाठी आज हरणे : फिलाडेल्फियाच्या चाहत्यांचा वाद

१/ उद्या जिंकता यावे म्हणून एखाद्या व्यावसायिक संघाने आज हरत राहावे का? आणि चाहत्याने तोवर किती वर्षे धीर धरावा? २०१३ ते २०१६ या काळात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात या प्रश्नावरून चाहत्यांचे दोन तट पडले. आजचा थ्रेड त्या वादाविषयी.

२/ फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स, म्हणजेच ‘सिक्सर्स’, हा एनबीएमधील जुना आणि मानाचा संघ. त्याचे शेवटचे अजिंक्यपद १९८३ चे. २००१ मध्ये अ‍ॅलन आयव्हर्सनने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले, पण तेथे लेकर्सनी त्याला रोखले. पुढे संघ मधल्याच पायरीवर अडकला. विजेतेपद मिळवण्याइतका तो सबळ नव्हता आणि मोठा नवोदित खेळाडू वाट्याला येण्याइतका दुबळाही नव्हता.

३/ दुबळेपणाचा येथे काय संबंध? एनबीएत दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. संघ क्रमाने नवोदित खेळाडू निवडतात आणि आधीची निवड दुबळ्या संघांना मिळते. हेतू समतोलाचा, परंतु त्यामुळे शेवटच्या क्रमांकालाच मोल येते. हा मोह आवरण्यासाठी १९८५ पासून सोडत सुरू झाली. तरीही त्या काळी तळाच्या संघाला पहिल्या निवडीची शक्यता २५ टक्के होती.

४/ मे २०१३ मध्ये सॅम हिंकी संघाचे जनरल मॅनेजर झाले. पुढच्याच महिन्यात, ड्राफ्टच्या रात्री, त्यांनी संघाचा तरुण ऑल-स्टार जरू हॉलिडे न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकला. बदल्यात आला गुडघ्याच्या दुखापतीतून सावरणारा नर्लेन्स नोएल आणि पुढील वर्षीच्या ड्राफ्टमधील एक हक्क. वर्तमान विकून भविष्य घेण्याचा हा उघड व्यवहार होता.

५/ पुढील तीन हंगामांत, प्रत्येकी ८२ सामन्यांपैकी, संघाने जिंकलेले सामने पाहा : १९, १८ आणि १०. २०१४ मध्ये सलग २६ पराभव झाले. २०१५ मध्ये एका हंगामाचे शेवटचे १० आणि पुढच्या हंगामाचे पहिले १८ असे सलग २८ पराभव झाले. येथून चाहत्यांचा वाद पेटला.

६/ समर्थकांचा युक्तिवाद गणिती होता. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे पाचच खेळाडू असतात. म्हणून एका असामान्य खेळाडूचे वजन इतर सांघिक खेळांपेक्षा फार जास्त. असा खेळाडू बहुधा ड्राफ्टच्या आरंभीच सापडतो. मग दरवर्षी चाळीसच्या आसपास सामने जिंकून कायम मधोमध राहण्यापेक्षा काही वर्षे तळाशी काढलेली बरी.

७/ विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. पराभवाची सवय जडते, ती हुकूम देऊन सुटत नाही. अनुभवी सहकारी नसतील तर विशीतली मुले शिकणार कोणाकडून? शिवाय तिकिटाचे पैसे घेणाऱ्या संघाने आज जिंकण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे हा खेळाचा मूळ करार आहे. तो मोडल्यावर उरते काय?

८/ या वादातूनच ‘ट्रस्ट द प्रोसेस’, म्हणजे ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’, ही घोषणा रूढ झाली. आरंभी ती अर्धी श्रद्धा आणि अर्धी थट्टा होती. चाहत्यांच्या एका पॉडकास्टचे नावच रिकी सांचेझ या खेळाडूवरून पडले. त्याचे हक्क एकेकाळी सिक्सर्सकडे होते, पण तो एनबीएत कधीच खेळला नाही! सामन्यांत आनंद उरला नाही, तेव्हा लोक ड्राफ्टच्या सोडतीची रात्र सणासारखी साजरी करू लागले.

९/ आशेचे केंद्र होता जोएल एम्बीड. कॅमेरूनचा हा उंचपुरा खेळाडू २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, पण पायाच्या दुखापतीमुळे दोन संपूर्ण हंगाम बाहेर बसला. त्याला खेळताना पाहण्याआधीच, एप्रिल २०१६ मध्ये, हिंकींनी १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला. पेरणाऱ्याच्या हाती पीक आले नाही.

१०/ पीक मात्र आले. २०१६ मध्ये पहिल्या निवडीचा हक्क मिळून बेन सिमन्स आला. २०१७-१८ मध्ये एम्बीड आणि सिमन्स यांच्या संघाने ५२ सामने जिंकले. एम्बीड स्वतःलाच ‘द प्रोसेस’ म्हणवून घेऊ लागला. थट्टेची घोषणा आता हजारो कंठांतून अभिमानाने उमटत होती.

११/ मग आला १२ मे २०१९ चा दिवस. टोरोंटोविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीचा सातवा, निर्णायक सामना, गुणफलक ९०-९०. शेवटच्या क्षणी कवाय लेनर्डने कोपऱ्यातून फेकलेला चेंडू रिमवर चार वेळा उसळला आणि आत पडला. टोरोंटो पुढे त्या वर्षीचा विजेता ठरला. चेंडू बाहेर पडला असता तर आज आपण हिंकींविषयी काय लिहिले असते?

१२/ २०२३ मध्ये एम्बीड लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी २००१ नंतर २०२५ पर्यंत सिक्सर्स एकदाही उपांत्य फेरीत पोहोचले नाहीत. त्याच २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून देणारा निकोला योकिच एम्बीडच्याच ड्राफ्टमधला. त्याची निवड ४१ वी! सिक्सर्ससह सर्व संघांनी त्याला हातचे जाऊ दिले होते. तळाशी जाऊन संधी मिळते. पारख वेगळी कमवावी लागते.

१३/ याउलट उदाहरण ओक्लाहोमा सिटी थंडरचे. २ डिसेंबर २०२१ रोजी हा नवखा संघ मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरला. एनबीएतील हा सर्वांत मोठ्या फरकाचा पराभव. जून २०२५ मध्ये तोच संघ विजेता झाला. पण त्याचा नायक शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ च्या अदलाबदलीतून आला होता आणि जेलेन विल्यम्स १२ व्या निवडीतून. येथेही भविष्याची बेगमी होती; मात्र सारी मदार तळाच्या क्रमांकावर नव्हती.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे सावध राहावे लागते. निकाल ठाऊक झाल्यावर ओक्लाहोमाचा धीर दूरदृष्टी वाटतो आणि फिलाडेल्फियाचा धीर भाबडेपणा. पण २०१४ मध्ये वाद घालणाऱ्यांपुढे ना ते चार टप्पे होते, ना योकिच. त्यांच्या हाती होता तेवढाच पुरावा आपणही हाती धरला, तर दोन्ही बाजू विचारी दिसतात. शेवटावरून आरंभाला तोलणे सोपे असते, आणि म्हणूनच ते फसवे असते.

१५/ निर्विवाद परिणाम एकच, तो नियमांवर झाला. २०१९ च्या ड्राफ्टपासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची समान, १४ टक्के शक्यता मिळू लागली. तळाशी जाण्याचे मोल घटले. चाहत्यांचा मूळ प्रश्न मात्र कोणत्याही नियमाने सुटलेला नाही : संघ चाहत्याचे काय देणे लागतो, आजचा सामना की उद्याची आशा? २०१४ मध्ये तुम्ही फिलाडेल्फियात असता, तर कोणत्या तटात उभे राहिला असता? निकाल विसरून उत्तर द्या.